नळी निवेना

नारीन शहरातल्या आमच्या गॅरेजात कुठलं इंजिन कधी खोलायचं ते माझा मुलगा इरिसबेक ठरवतो. गाडीखाली कधी शिरायचं ते मी. एकुलता एक आहे; हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

त्या सकाळी एक अनोळखी माणूस जुनी निळी व्हॅन ठेवून गेला. "पेट्रोल फार पिते," एवढंच बोलला. सुनेने रीतीप्रमाणे भाकरी पुढे केली, तर तुकडाही तोंडाला न लावता फाटकाबाहेर पडला.

"वळण नाही मेल्याला," मी म्हटलं.

"आई, गाडी दुरुस्त करायचीय त्याची, सोयरीक नाही जुळवायची," इरिसबेक हसला.

ऑक्सिजन सेन्सर गेला होता. धुराच्या नळीत बसवलेलं गाडीचं नाकच ते. इंजिनाचा धूर हुंगतं, त्यावरून पेट्रोल कमीजास्त होतं. मी बॅटरीची तार सोडायला लावली, चाकांना दगड, गाडी तोलायला खाली लोखंडी घोड्या. मग नळी निवायची वाट बघत चहा घेतला, जेवणही झालं.

"आता निवली असेल. बाहेर थुंकी गोठतेय."

"आधी हात लावून बघ."

त्याने लावला आणि झटकन मागे घेतला.

"भाजलं?"

"नाही." तो बोटांकडे बघत राहिला. "कोमट आहे. माणसाच्या अंगासारखी."

न भाजणाऱ्या नळीसाठी माझ्याकडे नियम नव्हता. तो खाली शिरला. गंजल्या आट्यांवर तेल सोडून त्याने पाना लावला. जुना सेन्सर फरशीवर पडल्याचा आवाज आला.

"आई, भोकातून वारा येतोय."

"इंजिन बंद आहे, वारा कुठला?"

"आता आत जातोय." जरा थांबून म्हणाला, "पुन्हा आला."

"बाहेर ये."

"नवा बसवतो आणि—"

"बाहेर ये म्हणते ना!"

आटे फिरले. पाना कुरकुरला.

मग काहीच नाही.

मी हाका मारल्या. त्याचे पाय हलेनात. घोटे धरून ओढायला लागले, तोच तो आपणहून सरकत बाहेर आला.

"झालं काम," म्हणाला. "किती ओरडतेस!"

आम्ही अंगणात आलो. बोलताना सुनेच्या तोंडातून वाफ निघत होती, माझ्याही, भुंकणाऱ्या कुत्र्याच्याही. बॅटरीची तार सुटलेलीच होती, तरी मागे व्हॅनच्या नळीतून वाफ येत होती. थांबून थांबून, झोपलेल्या माणसासारखी.

इरिसबेक सुनेशी हसून बोलत होता. त्याच्या तोंडासमोरची हवा स्वच्छ होती.