समोरून कोणीच येत नाही

"अरे, कोणीतरी या ना समोरून!" घंटी हँडलवर वाकून धुक्यात ओरडला. "जेवण झाल्यापासून माझा एकसुद्धा गुण वाढलेला नाही!"

"माझाही नाही," त्याच्या मागून ताई म्हणाली. "ओरडू नकोस. रस्त्याकडे बघ."

सायकलवरून त्या मोठ्या तलावाला पूर्ण फेरी मारायची, असा सुट्टीचा बेत होता. सर्वांत पुढे बाबा. त्यांच्या सायकलला मागे दोन चाकांची छोटी गाडी जोडलेली आणि तिच्यात पांघरूण गुंडाळून बसलेली छकुली. तिच्या मागे सातवीतला घंटी. गरज नसताना घंटी वाजवायचा, म्हणून घंटी. मग त्याची नववीतली ताई. मग मावसभाऊ शंक्या. त्याला शाळेत कोणत्या नावाने हाक मारतात कोण जाणे, पण 'का' आणि 'कशावरून' हे दोन शब्द तोंडातून बाहेर पडल्याशिवाय त्याला घास गिळत नसे. आणि सर्वांत शेवटी आई, कोणी मागे राहू नये म्हणून.

मुलांचा खेळ सोपा होता. समोरून येणारा सायकलवाला ज्याला आधी दिसेल त्याने घंटी वाजवायची आणि एक गुण घ्यायचा. आतापर्यंत गुणांना तोटा नव्हता. तलावाला फेरी मारणारे दोन्ही बाजूंनी येत-जात. दर वळणावर कोणी ना कोणी हात हलवत समोर यायचं. पण दुपारी एका फाट्यावर पाटीवरच्या बाणाप्रमाणे उजवीकडे वळून ते काठाच्या रस्त्याला लागले, आणि खेळ जो थांबला तो थांबलाच.

"काका," शंक्याने हाक मारली, "फाट्यावरचा बाण तुम्ही नीट पाहिला होता?"

"पाहिला ना! उजवीकडे होता, आपण उजवीकडे आलो. विषय संपला!"

"पण पाटीवर अजून एका बाणाचा ठसा होता. गडद रंगाचा. तो डावीकडे होता, वरच्या रस्त्याकडे."

"बरं मग?"

"मग म्हणजे तो बाण बरेच दिवस तिकडे तोंड करून होता. बाकीची पाटी उन्हाने विटली, त्याच्या खालचा रंग तेवढा वाचला. आता कोणीतरी तो फिरवलाय. का फिरवलाय?"

"रस्तेवाल्यांनी फिरवला असेल! ते काय वेडे आहेत?" बाबा हसले. "शंक्या, तुझे प्रश्न पोत्यात भरले ना, तर या गाडीत छकुलीला जागा उरायची नाही. मारा पाय! उशीर झाला तर मुक्कामाची खोली दुसऱ्याला देऊन टाकतील."

पाय मारले. पण कोणी गाणं म्हणेना.

डाव्या हाताला डोंगर कापून काढलेली खडकाची भिंत होती. तलाव उजव्या हाताला होता, असं म्हणायचं एवढंच. धुकं इतकं उतरलं होतं की पाणी कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. सकाळी किनाऱ्याला गलका करणारी बदकं इथे नव्हती. काठाने तारेचं कुंपण होतं, पण त्याचे खांब सरळ उभे नव्हते. आधीचे जरासे कललेले, पुढचे आणखी, आणि सगळे एकाच बाजूला. तलावाकडे. जणू सगळे मिळून खाली काहीतरी वाकून बघत होते.

आणि तो आवाज.

धप्प... मग थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा, धप्प.

"कोणीतरी ढोल वाजवतंय," घंटी म्हणाला. तो हसला नाही.

"लाटा आहेत रे," पुढून बाबा म्हणाले.

ताईने मान तिरकी करून ऐकलं. लाटा उजवीकडे होत्या. आवाज उजवीकडून येत नव्हता. तो चाकांच्या खालून येत होता.

थोड्या वेळाने मासे धरायला येणाऱ्यांसाठी बांधलेलं एक लाकडी खोपट लागलं. दार बंद, आत कोणी नाही, बाकड्यावर जुनी पानं साचलेली. आईने थर्मास काढला. बाबांनी पुढे पाहिलं आणि हात चोळले. खोपटापासून रस्ता लांबलचक उताराने थेट धुक्यात शिरत होता.

"वा! आता पाय मारायलाच नकोत! सायकल नुसती सोडून द्यायची. छकुले, भुर्रर्र जायचं ना?"

"भुर्रर्र!" छकुली म्हणाली.

ताई खाली वाकली होती. डांबरावर एक बारीक भेग होती. साधी भेग आडवीतिडवी जाते. ही काठाला धरून, रस्त्याच्या लांबीने, सरळ पुढे पुढे गेली होती. तिच्यात ताईचं बोट गेलं.

"बाबा, आम्ही तिघं आधी चालत जाऊन बघून येऊ का? रस्ता बरा वाटत नाही."

"चालत? अगं, अख्खा उतार चालत जाणार आणि चढ चढून परत येणार? चहा झाला की निघायचं. आणि तू मोठी ना? या दोघांच्या नादाला लागू नकोस."

"अहो, जाऊ द्या की जरा," आई म्हणाली.

"खोली जाईल!" बाबा म्हणाले. मोठ्या माणसांच्या डोक्यात एकदा खोली शिरली की दुसऱ्या कशाला तिथे जागा राहत नाही.

खोपटाच्या मागे तिघांची सभा भरली.

"फाट्याच्या अलीकडे इतकी माणसं समोरून येत होती," शंक्या कुजबुजला. "ती सगळी कुठून येत होती? या रस्त्याने नाही. म्हणजे त्यांना काहीतरी माहीत आहे, जे आपल्याला माहीत नाही."

"आणि बाबांच्या गाडीला ओझं आहे," ताई म्हणाली. "उतारावर ब्रेक दाबला तरी मागची गाडी ढकलत राहणार. छकुली आहे तिच्यात."

 खालून आवाज आला. धप्प.

"हवा सोडू या," घंटी म्हणाला.

"काय?"

"बाबांच्या मागच्या चाकातली. ते पंप शोधेपर्यंत आपण खाली जाऊन येऊ."

ताई घुटमळली. "बाबांना फसवायचं?"

"हवा परत भरता येते," शंक्या म्हणाला.

एवढं पुरे झालं. बाबा चहात बिस्किट बुडवत असताना घंटीने व्हॉल्व्ह दाबून धरला. फुस्स होऊ नये म्हणून त्यावर रुमाल धरला, आणि फुस्स झालंच तेव्हा तो मोठ्याने खोकला. पंप शंक्याने उचलला आणि छकुलीच्या पांघरुणाखाली सरकवला.

"हे काय आहे?" छकुलीने खणखणीत आवाजात विचारलं.

"गुपित!" शंक्या म्हणाला. "त्याच्यावर बसून राहा."

ती थाटात बसली.

"अरेच्चा! पंक्चर?" पाठीमागून बाबांचा आवाज आला. "पंप कुठे गेला? अगं, ऐकलंस का..." तोपर्यंत तिघं उतारावर धावत सुटले होते.

खाली धुकं आणखी दाट होतं. कुंपण आता आडवंच झालं होतं. तारा जमिनीवर लोळत होत्या. भेग रुंद होत होत बुटाएवढी झाली.

"थांबा!" ताईने दोघांच्या कॉलर धरल्या. "इथून पुढे एकही पाऊल नाही."

"पण रस्ता तर दिसतोय," घंटी म्हणाला. आणि खरंच, पुढे रस्ता होता. काळा, ओला, सरळ. मधली पांढरी रेघही शाबूत.

शंक्याने नारळाएवढा एक गोल दगड उचलला आणि रस्त्यावरून घरंगळत सोडला. गडगड... गडगड... दगड रेघेवरून छान पुढे गेला. धुक्यात शिरला. मग आवाजच थांबला.

कितीतरी वेळाने खालून आलं, डुब्!

घंटीने ताईचा हात घट्ट पकडला. लाटांनी काठाखालची माती कोरून नेली होती. वरचं डांबर तेवढं जिभेसारखं बाहेर लोंबत राहिलं होतं, खाली आधार नसताना. पोकळीत लाट शिरली की धप्प वाजायचं. ढोल तो हा. गेला कितीतरी वेळ ते त्याच ढोलावरून सायकली चालवत आले होते.

"चला मागे, हळूहळू, भिंतीच्या बाजूने..." ताई म्हणाली, आणि तिचा शब्द तोंडातच राहिला.

वरून चाकांचा सरसर आवाज येत होता.

"भुर्रर्र!" छकुलीची आनंदी किंकाळी ऐकू आली. "बाबा, भुर्रर्र!"

"आईच्या पिशवीत दुसरा पंप असणार!" घंटीचा चेहरा पांढरा पडला.

"कुंपण!" शंक्या ओरडला. त्याने आणि घंटीने एक पडलेला खांब उपसला आणि तारेसकट ओढत रस्त्यावर आडवा टाकला. ताई चढावर धावत सुटली आणि रस्त्याच्या बरोबर मध्ये, दोन्ही हात पसरून उभी राहिली. धुक्यातून बाबांची सायकल निघाली. काळी, मोठी, वेगात.

"बाजूला हो!" बाबा किंचाळले. "ताई! बाजूला!"

ती हलली नाही.

ब्रेक कर्कश्श ओरडले. मागची गाडी एका बाजूला फिरली, एका चाकावर उभी राहिली, डगमगली, आणि धाडकन परत दोन्ही चाकांवर आली. सायकलचं पुढचं चाक ताईच्या गुडघ्यापाशी थांबलं.

"वेड लागलंय का तुला?" बाबा ओरडले. "मी वेळेवर थांबलो नसतो तर?"

 ताईने मागे बोट दाखवलं.

तेवढ्यात खाली काहीतरी कडकडलं. आडव्या टाकलेल्या खांबाच्या पलीकडचा रस्ता, त्याची पांढरी रेघ, सगळं सावकाश मान टाकल्यासारखं झुकलं आणि नाहीसं झालं. पाण्याचा मोठा आवाज झाला. धुकं हललं, आणि जिथे रस्ता होता तिथे नुसता तलाव दिसला.

 आई पोचली, तिनेही पाहिलं. बाबा सायकलवरून उतरले. त्यांनी छकुलीला गाडीतून उचललं आणि छातीशी धरलं, इतकं घट्ट की ती म्हणाली, "बाबा, दुखतंय."

परतीचा चढ सगळ्यांनी सायकली ढकलत, भिंतीला चिकटून पार केला. फाट्यावर आल्यावर बाबा स्वतः पाटीपाशी गेले आणि त्या गडद ठशावर त्यांनी बोट फिरवलं. मग सगळे डावीकडे वळले. थोड्याच अंतरावर वाफाळतं डांबर, एक रोलर आणि जेवणाचे डबे उघडून बसलेली माणसं दिसली. बसायला त्यांनी एक लांब फळी डांबराच्या दोन पिंपांवर टाकली होती. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची फळी.

"ही रस्ता बंद करायची फळी ना?" शंक्याने विचारलं.

"हो," मुकादम घास चावत म्हणाला. "का?"

"मग ती रस्त्यावर का नाही?"

मुकादमाने रोलरवाल्याकडे पाहिलं. "तू लावणार होतास ना?"

"मी? मला वाटलं तुम्ही लावून आलात!"

"बाण कोणी फिरवला?" ताईने विचारलं.

"तो मीच. ओल्या डांबरावर सायकलींचे वळ उठत होते. म्हटलं, दुपारपुरतं जाऊ दे खालून. जुना रस्ता आहे, चांगला आहे."

"होता," बाबा म्हणाले.

मुकादमाचा घास हातातच राहिला. तलावावर देखरेख करणाऱ्या चौकीवरच्या बाईंनी सकाळीच फळी दिली होती आणि फाट्यावर लावायला सांगितलं होतं. कशासाठी, हे त्याने विचारलं नव्हतं. तो उठला, आणि त्याची माणसं फळी खांद्यावर घेऊन पळत सुटली.

निरोप मिळताच चौकीवरच्या बाई मोटरसायकलवरून धडधडत आल्या तेव्हा फाट्यावर बाण पुन्हा डावीकडे बसवला जात होता. त्यांनी आधी मुकादमाला फैलावर घेतलं. मग तिघांची सगळी हकिगत ऐकली, हवा सोडल्याचीसुद्धा.

"आम्ही चौकीतले शिकलेले लोक फळी देऊन मोकळे झालो," त्या म्हणाल्या. "ती लागली का, हे बघायला मीही आले नाही. तुम्ही मात्र बघत राहिलात. शाब्बास पोरांनो! आज तुमच्यामुळे कितीजण घरी जातील, त्यांना कळणारही नाही."

"मुलांनो, तुम्हाला रागवायला हवं," बाबा म्हणाले, पण त्यांनी ताईच्या डोक्यावर हात ठेवला.

इतक्यात रंगीत टोप्या घातलेल्या सायकलवाल्यांचा एक घोळका भरधाव आला. पुढचा माणूस अजून बांधून न झालेली फळी बघून वैतागला.

"अहो, खालचा रस्ता जवळचा आहे! आम्हाला उशीर होतोय. तिकडे काय झालंय?"

बाबा छकुलीला कडेवर घेऊन रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

"रस्ता खचलाय," ते म्हणाले. "कशावरून, ते या मुलांना विचारा. आणि सगळं ऐकून घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही."