हासेलवेंडच्या भिंतीपलीकडे

प्रबोध गोळ्या आणायला खाली उतरला होता, एवढंच. विनीताला, म्हणजे त्याच्या बायकोला, संध्याकाळपासून ताप होता आणि घरातली शेवटची गोळी रात्री दहाला संपली होती. सिंगापुरात हौगांगला त्यांच्या ब्लॉकपासून चोवीस तास उघडं असणारं दुकान चार मिनिटांवर आहे. रस्ता सगळा छपराखालून. माणूस घरातल्या चपलांवर जातो आणि येतो. तारीख दोन नोव्हेंबर २०१४, शनिवार संपून रविवार लागला होता. लिफ्टमध्ये त्याने घड्याळ पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं.

एवढं सांगून मी थांबलो. ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनाऱ्यावर बार्बेक्यूचे निखारे विझत आले होते. मोठी माणसं जेवून घरी गेली होती. तंबूत रात्र काढायला राहिलेली तीन पोरं, रोहन, अनुया आणि धाकटी इरा, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला मी.

"काका, ट्रू स्टोरी, ऑर यू ब्लफ ओन्ली?" इराने विचारलं.

"प्रबोध माझ्या ओळखीचा आहे. एका ऑफिसात होतो आम्ही."

"नेहमी ओळखीच्याच माणसाला भूत दिसतं," रोहन म्हणाला. "सांगणाऱ्याला कधीच नाही."

"ऐक तर खरं. आधी गाव सांगतो."

"हौगांग?"

"नाही. जर्मनीतलं."

हासेलवेंड नावाचं गाव. त्रेसष्ट घरं. एक ओढा, ओढ्याच्या कडेने एकच रस्ता, मध्यावर लिंडनचं जुनं झाड. तिथून चढावर चर्च आणि चर्चभोवती दगडी भिंतीच्या आतलं कब्रस्तान. तो रस्ता एका जागी उगीचच वळतो. म्हणजे उगीच नाही. तिथे पूर्वी तळं होतं. तळं बुजवून दोनशे वर्षं झाली, तरी माणसं आणि गाड्या त्याला वळसा घालूनच जात. पुढे तीन घरांची जागा मोकळी. सोळाशे चौतीस साली सैन्याने जाळली, ती परत कुणी बांधली नाहीत, सफरचंदं लावली. गावात आडनावाने कुणी हाक मारत नसे, घराच्या नावाने मारत. 'शिंप्याकडचा योजेफ.' त्या घरात शेवटचा शिंपी होऊन सात पिढ्या झाल्या होत्या.

गावाखाली कोळसा निघाला. गाव उठवायचं ठरलं. दहा किलोमीटरवर नवीन गाव बांधलं, तिथे चर्चची घंटा न्यायची, आणि माणसांची थडगीसुद्धा न्यायची. जुन्या कागदी नकाशांवरून कॉम्प्युटरवर नवे नकाशे काढायचं काम फिरत फिरत आमच्या इथल्या ऑफिसात आलं. काढणारा प्रबोध. तो जर्मनीला कधी गेला नाही. त्याला गाव शिकवलं ते शिंप्याकडच्या योजेफने. निवृत्त शाळामास्तर, वय चौऱ्याऐंशी, गावाचा सगळा इतिहास त्यांनी चार जाड वह्यांत लिहून ठेवला होता. इंग्रजी लहानपणी अमेरिकन सैनिकांकडून शिकलेले. दर गुरुवारी संध्याकाळी स्काइपवर. एकेक घर, एकेक बांध. प्रबोध त्यांना मास्तर म्हणायचा. मराठीतच. त्यांना तो शब्द आवडायचा.

मार्च महिन्यातल्या एका गुरुवारी मास्तरांनी विचारलं, "खोलीत तू एकटा आहेस ना?"

मग सांगितलं. १९५७च्या मे महिन्यात त्यांना मुलगी झाली होती. चाळीस मिनिटं जगली. पाद्री येईपर्यंत गेली. बाप्तिस्मा झाला नाही, म्हणून भिंतीच्या आत जागा नाही आणि चर्चच्या नोंदवहीत नाव नाही. मास्तरांनी आणि त्यांच्या भावाने तिला रात्री उत्तरेच्या भिंतीबाहेर पुरलं. अशी अकरा बाळं होती तिथे, वेगवेगळ्या घरांतली. सगळ्या गावाला माहीत, कागदावर कुठेच नाही.

"माझी बायको भिंतीच्या आत आहे," मास्तर म्हणाले. "तिला नव्या गावात नेतील. जे नकाशावर आहे तेच नेणार आहेत ते. मुलगी मागे राहिली, तर खणायच्या यंत्राखाली जाईल. खूण करशील?"

प्रबोध हो म्हणाला. खुणा केल्याही, अकरा. पण मॅनेजर म्हणाला, यादी मंजूर होऊन गेली आहे, आता अकरा थडगी वाढवली तर सगळं परत मंजुरीला जाईल, दोन महिने जातील. नोंदवहीत नाव नाही म्हणजे थडगं नाही. भिंतीपलीकडचा तुकडाच काढून टाक. प्रबोधने काढून टाकला. गुरुवारी मास्तरांनी विचारलं, झालं का? प्रबोध म्हणाला, हो, झालं.

"व्हाय हि नेव्हर से नो?" इरा म्हणाली.

"म्हाताऱ्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं? आपल्याला जमत नाही ते."

"दॅट्स वर्स, काका."

"हो."

सप्टेंबरात नवं कब्रस्तान तयार झालं. मास्तर काठी घेऊन सगळ्या ओळी फिरले. बायको सापडली. मुलगी नाही. त्यांनी ऑफिसला पत्र लिहिलं, आणि मॅनेजरने उत्तर दिलं. संबंधित कर्मचाऱ्याच्या नजरचुकीने हे घडलं, आम्हाला खेद आहे. खाली कर्मचाऱ्याचं नाव, प्रबोधचं. एक प्रत प्रबोधलाही. त्याने ती आपल्या टेबलाशी बसून वाचली आणि काचेतून मॅनेजरच्या खोलीकडे पाहिलं.

"कसला हलकट मॅनेजर!" रोहन म्हणाला.

"हो," मी म्हणालो.

मास्तरांनी प्रबोधला एकच ओळ लिहिली. 'तू हो म्हणाला होतास.' पंधरा दिवसांनी त्यांच्या पुतणीचं पत्र आलं, काका गेले. तोवर यंत्र उत्तरेच्या भिंतीपर्यंत खणून पुढे गेलं होतं.

तर ती रात्र.

प्रबोध लिफ्टमधून बाहेर आला. छपराखालून चालू लागला. डावीकडे सायकली, उजवीकडे पुढचा ब्लॉक. दुकानाचा दिवा समोर दिसत होता. चालता चालता त्याला वाटलं, आपल्याला धाप का लागतेय? तो रस्ता तळहातासारखा सपाट आहे. पण पाय चढ चढत होते.

त्याने खाली पाहिलं. सिमेंट नव्हतं. दगड होते.

दुकानाचा दिवा नव्हता. मागे वळून पाहिलं तर ब्लॉकही नव्हता. उजव्या हाताला पाणी वाहत होतं. त्याने विचार केला नाही, त्याला माहीतच होतं. तो ओढा. पुढे रस्ता वळला. तळ्याचं वळण. तोही वळला. समोर बुजवलेलं तळं, त्याच्यावरून सरळ जाता आलं असतं. त्याचा पाय पडेना.

मग घरं लागली. एकेक घर तो ओळखत होता. सुताराकडचं. चक्कीवाल्याकडचं. शिंप्याकडचं. बरोबर जागेवर, बरोबर मापाचं. पण कशाचं तरी चुकत होतं. तीन-चार घरं मागे टाकल्यावर त्याच्या लक्षात आलं.

घरांना दारं नव्हती.

खिडक्याही नव्हत्या. चार भिंती नुसत्या. नकाशात घराची फक्त बाहेरची रेघ काढतात. दार काढत नाहीत. त्याने जेवढं काढलं होतं, तेवढंच गाव होतं…

"काका, स्टॉप," अनुया हळूच म्हणाली. रोहन तिला हसला नाही.

"थांबू?"

इराने मानेनेच नाही म्हटलं. लाटांचा आवाज तेवढा.

तो चर्चपर्यंत चढला. कब्रस्तानात शिरला. उत्तरेच्या भिंतीला एक फाटक होतं, ते त्याने नकाशात काढलं होतं, म्हणून ते होतं. फाटकापाशी मास्तर उभे होते. हातात लाल काचेतली मेणबत्ती. एक नोव्हेंबरच्या संध्याकाळी, सगळ्या संतांच्या सणाला, तिकडे प्रत्येक घरचे लोक आपापल्या थडग्यावर तसा दिवा लावतात. आपल्याकडे रात्रीचे दोन, तर तिकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सात.

प्रबोधने मास्तरांना नेहमी छातीपर्यंतच पाहिलेलं. स्क्रीनवर तेवढेच दिसायचे. त्याने खाली पाहिलं नाही.

"मास्तर…"

"पुढे ने मला," मास्तर म्हणाले. "दिवा ठेवायचाय."

प्रबोधने फाटक उघडलं. पलीकडे काही नव्हतं.

अंधार नव्हता. खड्डा नव्हता. पांढरं. कोऱ्या कागदासारखं. खाली, वर, सगळीकडे. त्याने पाय पुढे टाकला. पायाखाली काही लागलं नाही. त्याने फाटकाला घट्ट धरलं.

"पुढे तू काही काढलंच नाहीस," मास्तर म्हणाले. रागावून नाही. शाळेत चूक दाखवतात तसं.

आणि त्या पांढऱ्यातून आवाज आला. रडण्याचा नव्हे. बाळ झोपेत करतं तसा. एकदाच.

…

मास्तरांनी मेणबत्ती त्या आवाजाकडे धरली.

"तू हो म्हणाला होतास."

"मला सांगितलं तसं मी केलं, मास्तर."

"कुणी?"

प्रबोध मेणबत्तीकडे बघत राहिला.

"कुणी सांगितलं?"

मी इथे थांबलो. निखाऱ्यांवर आता नुसती राख होती. इरा रोहनला टेकून बसली होती.

"हू, काका?" तिने विचारलं. "हू वॉज द मॅनेजर?"

"मी," मी म्हणालो.

रोहनने माझ्याकडे पाहिलं आणि मग वाळूकडे. मी पुढचं सांगितलं. ते माझ्याच घरी घडलं.

त्याच पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. सुलेखा, माझी बायको, तेव्हा होती. कूस बदलून ती म्हणाली, "बघ रे, पुण्याहून असेल." मी फोन घेऊन हॉलमध्ये आलो.

"निशिकांत," प्रबोध म्हणाला, "मी तुझं नाव सांगितलं."

"कुणाला? वाजलेत किती?"

त्याने सगळं सांगितलं. ओढा, घरं, फाटक. मी मध्ये बोललो नाही. मला वाटलं, विनीताचा ताप यालाही चढलाय. मग मला वाटलं, ते पत्र त्याच्या मनात राहिलंय, आता भांडेल. पण तो भांडला नाही. त्याचा आवाज अगदी शांत होता. ऑफिसात नकाशाच्या प्रत्येक रेघेचा हिशोब देताना असायचा तसा.

"त्यांनी विचारलं, तो कुठे राहतो," तो म्हणाला. "मी सांगितलं. मरीन परेड. मग रस्ता विचारला. मी पूर्ण सांगितला. गेट, लॉबी, कुठली लिफ्ट, कितवा मजला, लिफ्टमधून उतरून किती पावलं. नीट सांगितलं, चुकायला नको म्हणून."

"प्रबोध…"

"तूही माझं नाव दिलंच होतंस."

फोन बंद झाला.

मी हॉलमध्ये उभा राहिलो. बेल वाजली नाही. कुणी दार ठोठावलं नाही. लिफ्ट आल्याचाही आवाज नाही. स्वतःलाच हसावं म्हणून मी दार उघडलं.

बाहेर कुणी नव्हतं. लिफ्टपर्यंतचा दिवा लागलेला. फरशी कोरडी. त्या मजल्यावर पहाटेसुद्धा उकडायचं, तसंच उकडत होतं. आमच्या उंबऱ्याबाहेर, फरशीवर, एक पांढरा चौकोन होता.

आधी वाटलं, कुणी रांगोळी पुसली. वाकून हात लावला.

गोठलेलं दंव होतं.

बोटांना चटका बसला, इतकं गार. सिंगापुरात, चौदाव्या मजल्यावर. लांबीला माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, रुंदीला एक वीत. एक तान्हं बाळ मावेल एवढा. बाजूची फरशी कोमट. मी तिथेच बसून राहिलो. उजाडलं, समोरच्या खिडकीतून ऊन आलं, चौकोनावर पडलं. तरी ते बराच वेळ वितळलं नाही.

कडा चारही बाजूंनी सरळ होत्या. मापून आखल्यासारख्या.