वेबसाइटवर नसलेलं वाक्य

समीक्षा मेश्रामच्या धंद्यात गूढ असं काही नव्हतं. गोंदियात रेल्वे लाइनपलीकडच्या एका खोलीत बसून ती वेबसाइट बनवायची. राइस मिल, कोचिंग क्लास, मंगल कार्यालय, जे येईल ते. २०१३चा पावसाळा सरला तेव्हा तिने भोजराज कटरे यांची साइट केली. चोरखमारा तलावाजवळ त्यांच्या तीन खोल्या होत्या. जंगल पाहायला आलेले पाहुणे तिथे उतरत आणि भोजराजची बायको देवकाबाई त्यांना रांधून वाढायची. सर्च इंजिनमध्ये नावाखाली दिसावं म्हणून समीक्षाने वर्णन लिहून ठेवलं होतं: 'तलावाकाठी तीन स्वच्छ खोल्या. घरगुती जेवण. गाडी ठेवायची सोय.'

महिन्याभराने भोजराजचा फोन आला.

"मॅडम, खोल्या भरून राहिल्या. पण तुमी ते चुलीचं काऊन लिवलं?"

"कोणत्या चुलीचं, काका?"

"नागपूरचे पाहुणे मोबाइलवर दाखवून राहिले होते. खूश होते बिचारे. पण मी त तुमाले असं काही सांगलो नव्हतो."

समीक्षाने शोधून पाहिलं. नाव बरोबर होतं. खाली तिचं वर्णन मात्र नव्हतं. तिथे होतं: 'देवकाबाई उठायच्या आधी इथली चूल पेटलेली असते. आंघोळीचं पाणी गरम असतं. आवाज होत नाही.'

ती दचकली वगैरे नाही. दर महिन्याला कुणीतरी हेच विचारायचं. आपण लिहितो ती नुसती सूचना असते. माणसाने काय शोधलं ते पाहून सर्च इंजिनला पानावरचं दुसरं वाक्य जास्त जुळतंय असं वाटलं, तर आपलं वर्णन बाजूला सारून ते तेच दाखवतं. म्हणजे वाक्य पानावर कुठेतरी असणारच. तिने सगळी पानं वाचली. कोडमध्ये 'चूल' शब्द शोधला. एकदाही सापडला नाही.

सर्व्हर सांभाळणाऱ्या हिमांशूने दुसऱ्या दिवशी सगळं तपासलं. "कोणी घुसलं नाही," तो म्हणाला. "आणि घुसणारा औषधांच्या जाहिराती टाकतो गं. चुलीचं कायले लिहील?"

रविवारी सकाळी समीक्षा स्कूटीवर एकटीच निघाली. धानाची कापणी झाली होती, शेतातल्या बांध्यांमध्ये भाऱ्यांचे उंच पुंजणे उभे होते. हवेत कोवळं ऊन आणि तणसाचा वास. तिला छान वाटत होतं. कटऱ्यांच्या ओसरीवर बसून तिने दोघांना ते वाक्य वाचून दाखवलं.

देवकाबाई हसली. "खरंच त हाये. हे उठतेत न माज्या आधी. चूल पेटवून ठेवतेत अन् परत झोपतेत."

"कोण, मी?" भोजराज म्हणाला. "मी त तुज्या मांगून उठतो."

"मंग?"

"मले वाटे, तूच पेटवतेस."

देवकाबाईच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. तलावावर एक पाणकावळा पंख पसरून वाळत बसला होता.

"घर बांधलं तवापासून," ती शेवटी म्हणाली. "अकरा साल झाले."

समीक्षाने घसा साफ केला. वर्णन दाखवूच नका, असं सर्च इंजिनला सांगायची सोय असते, ती म्हणाली. एक ओळ टाकली की झालं. मग नावाखाली काहीच येणार नाही.

भोजराज बायकोकडे बघत राहिला. देवकाबाई उठली, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली, आत डोकावून पाहिलं आणि परत आली. तिचा चेहरा निवळला होता.

"राहू द्या, बाई. अकरा सालांत एकडाव बी भात करपला नाही. खरं लिवलं हाये, ते कायले मिटवता?"

"पण काकू..."

"जेवून जा."

समीक्षा जेवली. लाखोरीचं वरण, गरम भात, तलावातल्या झिंग्यांची भाजी. देवकाबाई आग्रह करकरून वाढत होती. मध्येच ती चुलीकडे बघून हलकंसं हसायची, घरातल्या माणसाकडे बघावं तसं. भोजराजही हळूहळू बोलायला लागला. निघताना समीक्षाला वाटलं, आपण उगाच घाबरलो. माणसं सुखात आहेत, खोल्या भरताहेत, आणखी काय पाहिजे?

सोमवारी तिने खोलीचं शटर वर केलं, कंप्युटर लावला आणि सवयीने कटऱ्यांचं नाव शोधलं.

चुलीची ओळ गेली होती. तिच्या जागी नवी आली होती.

समीक्षाने ती एकदा वाचली. मग खुर्ची मागे न सरकवता, मान न वळवता, पुन्हा वाचली.

'रविवारी स्कूटीवर दोघी आल्या. पुढची पोटभर जेवली. मागची पाण्यालाही न शिवता तिच्याबरोबरच परत गेली.'