चौरागडावरून खाली आलेला त्रिशूळ

नागपुरात महाल भागात राहायचो तेव्हापासून लोक मला थापाड्या म्हणतात. उमरेडच्या वाघानं माझ्याकडे चुना मागितला होता, ती गोष्ट हवी तर सोडून द्या.

ही सोडू नका.

ही माझ्या घरात अजून चालू आहे. मनीषनगरात, दुसऱ्या मजल्यावर.

माझ्या धाकट्या भावाचा नातू पियुष आमच्याकडे राहून इंजिनिअरिंग शिकतो. गाव नरखेडकडचं, घरची संत्र्याची बाग. पोरगं मवाळ. म्हातारं माणूस दिसलं की आधी वाकणार, मग बोलणार.

गेल्या जानेवारीत एका रात्री आम्ही जेवत होतो. उद्याचा पेपर पुढं ढकलल्याचा मेसेज आला. पाठोपाठ त्याच्या वर्गातल्या जितेंद्रचा फोन.

"भावजीची गाडी रिकामी आहे बे. चौरागड मारून येऊ. पहाटे निघू, रात्री घरी."

चौरागड म्हणजे पचमढीचा तो महादेवाचा डोंगर. आपल्याकडचे लोक नवस फेडायला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चढतात, तोच.

माझी बायको रुखमाबाई म्हणाली, "अभ्यास सोडून देव कसा आठवला गा?"

"देव नाही आजी, रील बनवाची आहे."

गेले.

चढायला लागले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. जत्रेचे दिवस नव्हते. वाटेवर चिटपाखरू नाही. जितेंद्र पुढं, पियुष मागं धापा टाकत.

"चाल बे संत्र्या," जितेंद्र वरून ओरडला. "माही आजी तुह्यापेक्षा लवकर चढते."

एका वळणावर पायरीवर म्हातारा बसला होता. धोतर, जुनी बंडी. हातात कमरेएवढा त्रिशूळ, गंजलेला.

"धर गा जरा. तंबाखू मळतो."

पियुषनं धरला. तुम्हीही धरला असता.

म्हाताऱ्यानं चुना लावला. निवांत मळला. दाढेखाली दाबला. हात झटकले...

आणि उतरायला लागला.

"बाबा, तुमचा त्रिशूळ..."

तो वळलाच नाही.

"भुईला टेकवू नको," एवढंच म्हणाला.

पियुष त्याच्यामागे धावला. वळणापलीकडे लांबवर पायऱ्या दिसत होत्या...

माणूस नव्हता.

मग पियुषच्या लक्षात आलं. मघापासून माकडं कलकलत होती. आता एकही आवाज नव्हता. पानसुद्धा हलत नव्हतं.

तो वर चढू लागला. त्रिशूळ जड होत गेला. आधी मनगट भरून आलं, मग खांदा. नवसाचा त्रिशूळ वाटेत टेकवत नाहीत, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. पण हात निखळायची वेळ आली. त्यानं टोक हळूच पायरीला लावलं.

टक...

वर जितेंद्र किंचाळला. गडगडत खाली आला. कोपर फुटलं होतं.

"पाय कोणी ओढला बे?"

त्याच्या मागं कोणी नव्हतं.

पियुषनं त्रिशूळ छातीशी धरला. घसरला असेल, असं स्वतःला समजावलं. वर पोचलं की देवाच्या दारात ठेवू आणि सुटू.

वर त्रिशुळांचा ढीग असतो, ठाऊक आहे ना? वर्षानुवर्षांचे नवस. त्या ढिगाला त्यानं हातातला त्रिशूळ टेकवला. टोक फरशीला लागलं.

जितेंद्र पाणी पीत होता. बाटली हातातून सुटली. नाकातून रक्त आलं. डोळे पांढरे झाले... आणि तो सरळ पाठीवर पडला.

"उचल ते," मागून बाईचा आवाज आला. "आधी ते उचल."

पियुषनं उचलला. जितेंद्रनं श्वास घेतला.

नारळाच्या दुकानातली बाई होती, मनकर्णा. पियुषकडे असं पाहत होती, जणू त्यानं तिच्या चुलीत थुंकलं.

"बाई, हे कोणाचं आहे?"

"आता तुहं. टेकवशील तवा तुह्या सोबत्याले लागंल. अन् चालता हो इथून."

"मग कोणाले देऊ?"

"ज्याले देशील, तो टेकवंल. मंग त्याच्या सोबत्याचं पाहून घे." तिनं दुकानावर ताडपत्री ओढली. "माह्यासमोर उभा नको राहू."

पियुष रडत जितेंद्रजवळ बसला. सगळं सांगितलं. मेलो तरी हे खाली ठेवणार नाही म्हणाला.

जितेंद्र नाक पुसत हसला. "आण इकडे." आणि ओढूनच घेतला.

"अबे, हे तर हलकं आहे."

हसत हसत त्यानं टोक फरशीवर आपटलं.

पुढचं पियुषला आठवत नाही. शुद्धीवर आला तेव्हा तोंडात रक्ताची चव होती. जितेंद्र शेजारी उकिडवा बसला होता. त्रिशूळ मांडीवर आडवा.

आता हसत नव्हता. पियुषकडे पाहत होता... दुकानातली वस्तू पाहावी तसा.

"दे मले," पियुष म्हणाला.

"काहून? मी धरतो ना. तू थकला."

परतताना गाडी पियुषनं चालवली. जितेंद्र मागं. सगळ्या वाटेत लोखंड काचेला लागत होतं.

टुक... टुक...

दुसऱ्या दिवशी पियुषनं मला सांगितलं. मी हसलो नाही. तडक महालात जितेंद्रच्या खोलीवर गेलो. त्रिशूळ पंख्याच्या हुकाला नायलॉनच्या दोरीनं टांगला होता. टोक जमिनीपासून वीतभर वर. वारा नव्हता, तरी हळूहळू फिरत होता...

"मले दे गा पोरा. मी सांभाळतो."

"राहू द्या ना आबा. देवाची वस्तू आहे." चहा विचारला. पाया पडला. दारापर्यंत सोडायला आला.

महिनाभर काही झालं नाही.

मग एका दुपारी पियुष जेवता जेवता ताटावर पडला. नाकातून रक्त. रुखमाबाई त्याला हलवत होती. मी जितेंद्रला फोन लावला.

"दोरी तुटली का गा?"

"नाही आबा. दोरी मजबूत आहे."

मग फोनमध्ये फरशीवरून लोखंड उचलल्याचा आवाज आला... आणि इकडे पियुषनं डोळे उघडले.

"पियुष माहा फोन उचलून नव्हता राहिला," जितेंद्र म्हणाला.

आता पियुष पहिल्याच रिंगला उचलतो. आंघोळीला जातानाही मोबाईल प्लॅस्टिकच्या पन्नीत गुंडाळून नेतो. जितेंद्रची जर्नलं लिहितो, त्याच्या गाडीत पेट्रोल भरतो, त्याच्या जोकवर हसतो.

आणि मी रात्री उठून त्याच्या मोबाईलची बॅटरी पाहून येतो.