रंगूनचा दुसरा श्रावण

ज्या माणसाला सोडवण्यासाठी तार आली होती, तो माणूस महिनाभरापूर्वीच घरी येऊन बसला होता.

अमरावतीच्या पोलीस कचेरीत फौजदार देवमन तायडे यांनी ती तार पुन्हा वाचली. सन १९६४चा वैशाख होता आणि पंखा गरम हवाच ढवळत होता.

ब्रह्मदेशात नव्या सरकारनं दुकानं, गिरण्या ताब्यात घेतल्या होत्या. तिथले आपले लोक बोटी भरभरून मद्रासला उतरत होते. रंगूनच्या एका इस्पितळात डोक्याला जबर मार लागलेला एक इसम पडला होता. कागदपत्रं नाहीत. मारलं कोणी, ते आठवत नाही. नाव श्रावण, आई मनकर्णा, गाव भातकुली, एवढंच तो सांगत होता. पण श्रावणच्या नावाचा प्रवासाचा दाखला आधीच वापरला गेला होता. तो दाखवून एक श्रावण मद्रासला उतरलाही होता.

एक खरा, एक चोर. घरच्यांकडून खात्री झाल्याशिवाय आपली वकिलात दुसरा दाखला देणार नव्हती. बोट रविवारी सुटणार होती. त्यानंतर त्या जखमी माणसाचं काय व्हायचं, हे तारेत लिहिलं नव्हतं. न लिहिताही कळत होतं.

तारेच्या शेवटी त्यानं सांगितलेल्या घराच्या तीन खुणा होत्या. परसात चिंच. आईच्या कपाळावर गोंदलेली तुळस. दारात निंबाखाली मरीमायचा शेंदूर फासलेला दगड.

देवमननं शिपाई किसनरावांना हाक मारली आणि जीप भातकुलीच्या रस्त्याला लागली.

बौद्धपुऱ्याच्या तोंडाशी रुख्मिणी नावाची शेजारीण विहिरीवर पाणी ओढत होती.

"मनकर्णाबाईचा श्रावण आला म्हणे?" देवमननं विचारलं.

"आला ना. बारा वर्सं ना चिठ्ठी ना चपाटी, अन् एक दिवस दारात उभा!"

"म्हातारी खूश असन मंग."

रुख्मिणीनं दोर हातात तसाच धरून ठेवला. "कायची खूश, साहेब? पहाटे दळताना तिचं गाणं साऱ्या पुऱ्याले आयकू ये. पोरगा आला अन् गाणं गेलं."

देवमननं घराकडे पाहिलं. भर दुपारी दार अर्धं लोटलेलं होतं.

आत भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. खाली म्हातारी बसली होती. कपाळावर हिरवट तुळस गोंदलेली. तिच्या आणि दाराच्या मधोमध तिशी-पस्तिशीचा एक दांडगा गडी दगडावर विळा पाजवत होता. साहेब आले तरी त्यानं हात थांबवला नाही.

"जय भीम, माय," देवमन म्हणाला.

म्हातारीनं आधी त्या गड्याकडे पाहिलं, मग हात जोडले.

"हा तुमचा श्रावण?"

"हो," ती म्हणाली. बस, एवढंच. बारा वर्षांनी लेक सापडलेली आई एका अक्षरावर थांबते, हे देवमनला मुळीच आवडलं नाही.

"गाव कवा सोडलं, श्रावण?"

"बावन साली. आधी कलकत्ता, मंग रंगून. गोदीत हमाली केली."

"परत आला तवा घर वळखू आलं?"

"काहून नाई येनार? जसं सोडून गेलतो तसंच हाये. बदललं काय इथं?"

विळा पुन्हा दगडावर फिरला. तो आवाज देवमनच्या दातांत गेला.

"रंगूनमंदी आणखी एक जण श्रावण म्हणून सांगून राहिला," देवमन म्हणाला. म्हातारीच्या मांडीवरचा हात एकदम आवळला गेला. "परसात चिंच हाये म्हणते."

"हाये. मीच सांगतलं असन कोनाले. बराकीत सारे घरच्याच गोष्टी करत."

"मायच्या कपाळावर तुळस."

"तेबी मीच सांगतलं असन."

"अन् दारात, निंबाखाली, मरीमायचा दगड."

आता मात्र गडी मोठ्यानं हसला. विळा घेऊनच उठला आणि दार सताड उघडलं. अंगण कसं लख्ख सारवलेलं होतं. निंब होता, खाली सावली होती, दगड नव्हता.

"पाहा, साहेब! कुठी हाये दगड? पकडला गेला ना लबाड? आमी बौद्ध मानसं. आमच्या दारात मरीमाय कायले येते?"

किसनरावांनी मान डोलावली. खोट्याच्या कपाळी गोटा, असंच त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. दोन खुणा ऐकीव, तिसरी चुकलेली. रंगूनचा माणूस खोटा, असं एका ओळीत कळवून मोकळं व्हायला काहीच हरकत नव्हती.

देवमन निंबाखाली उभाच राहिला. त्याचं स्वतःचं गाव तिवश्याजवळ. त्याच्याही आईच्या दारात एकेकाळी असंच काही होतं.

"नीट आठवून सांग," तो हळूच म्हणाला. "तू लहान असताना होता का इथं दगड?"

"कवाच नाई. माह्या जल्मापासून या अंगनात दगड नव्हता. लिहून घ्या."

"किसनराव, तुम्ही साक्षीदार. अन् आता दारात उभे राहा."

किसनराव गोंधळले, पण उभे राहिले. देवमन म्हातारीपुढे उकिडवा बसला.

"माय, दगड होता ना?"

तिनं आधी दारातल्या किसनरावांकडे पाहिलं. मग म्हणाली, "होता. छप्पन साली दीक्षा घेतली अन् मी माह्या हातानं पेढी नदीच्या डोहात शिरवला. साऱ्या पुऱ्यानंच आपापले देव शिरवले."

देवमन उठला.

"ऐकलं, किसनराव? श्रावण गेला बावन्नला. देव गेले छप्पनला. खऱ्या श्रावणच्या डोळ्यांपुढं घर उभं राहील ते दगडासकट. त्यानं सांगितलेली खूण आज खोटी आहे, म्हणूनच तो माणूस खरा. परत येऊन हे अंगण पाहिलं असतं, तर दारातली मरीमाय कुठं गेली, हेच त्यानं पहिल्यांदा विचारलं असतं. भिंतीवर बुद्ध कधी आला, हेही विचारलं असतं. यानं काहीच विचारलं नाही. याला सगळं जसंच्या तसं दिसतं, कारण यानं हे घर पहिल्यांदा पाहिलं ते महिन्यापूर्वी. चिंच आणि तुळस श्रावणनं बराकीत सांगितली असेल. पण पुऱ्यातल्या दर घरापुढं असलेल्या दगडाचं गप्पांत कोण काय सांगणार?"

तो गड्याकडे वळला. "श्रावणचं डोकं तूच फोडलं. त्याचा दाखला घेतला, फोटो उखडून आपला चिकटवला. काहून?"

उत्तरादाखल विळा वर गेला. पण किसनरावांची काठी मनगटावर बसली आणि विळा अंगणात जाऊन पडला. दोघांनी मिळून त्याला खाली दाबलं तेव्हा कुठे तो बोलता झाला.

"सूर्यभान नाव माहं. अकोल्याकडचा. रंगूनमंदी एक खून झाला माह्या हातून. माह्या नावानं बोटीवर चढू देत नव्हते."

"अन् श्रावण?"

"मले वाटलं, मेला."

देवमनला संताप आला. त्याहून जास्त नवल वाटलं. "माय, तुमाले कवा कळलं?"

"दारात आला तवाच."

"मंग महिनाभर बोलल्या काहून नाई? भेव वाटे त्याचं?"

"भेवाचं काय, बापा." म्हातारीचा आवाज फाटला. "श्रावणचा कागद याच्या हाती. हा श्रावण नाई म्हनलं, तर माहं लेकरू कुठी हाये? मेलं म्हनाव लागे. मंग मी चूप रायली. याले जेवू घातलं, पन याच्याच हातानं श्रावण गेला असन, हेबी दिसे मले." तिनं देवमनचं मनगट धरलं. "तारेतला तो... जिता हाये?"

"जिता हाये. तुमी लेक म्हणा, बोटीत बसते."

"माहाच हाये," ती म्हणाली. "लवकर लिहा, साहेब. कुठी आंगठा लावू?"

जीपमध्ये चढवताना सूर्यभान वळला. महिनाभर तिच्या हातची भाकर खाल्ली होती. "माय..." तो म्हणाला.

म्हातारी चौकटीला धरून उभी होती. "माय म्हनू नोको," ती म्हणाली. "तू जवा जवा माय म्हनला, तवा तवा माहं लेकरू मेलं."