घड्याळांची लांबट खोबण

विजयश्रीला हवा असलेला पितळी नट चाकणच्या त्या दुकानात एकच शिल्लक होता, आणि तो एका अनोळखी तरुणाच्या तळहातावर होता. तो नट उजेडाकडे धरून तरुण आत डोकावत होता, पलीकडे त्याला त्याचं गाव दिसणार असल्यासारखा. दुकानदार नवनाथशेठनी सांगून टाकलं की हा शेवटचा, पुढचा माल दिवाळीनंतर.

दिवाळीनंतर! तिला हसावं की रडावं कळेना. कुरुळीतल्या तिच्या शेडमध्ये लाकूड कोरणारं, कॉम्प्युटरवर चालणारं मशीन होतं. सेकंडहँड घेतलेलं, बनवणारा फोन उचलत नसे, म्हणून काही झिजलं की पाना तिच्याच हातात. वर्षभर त्या मशीनच्या नाकदुऱ्या काढत तिने काम रेटलं होतं. पण ज्या नटामुळे मशीनचं डोकं आडवं सरकायचं, तो आता पार झिजला होता. डोकं दिशा बदलताना लटपटायचं आणि सागवानावर दात उठायचे. एका कंपनीला दिवाळीच्या भेटीसाठी भिंतीवरची घड्याळं हवी होती. शनिवारी नमुना दाखवायचा होता. तो नापास झाला तर मशीन विकायचं, असं तिच्या वडिलांनी, हिंदुरावांनी, बजावलं होतं. रविवारी गिऱ्हाईकही येणार होतं.

"तो नट मला द्याल का?" तिने विचारलं.

"तुम्हाला कशाला हवाय?"

"लोणच्याबरोबर खायला."

तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडायची, आणि अशा वेळी हे आपल्या लक्षात यावं याचाच तिला राग आला. त्याचं नाव निरंजन. मूळचा लातूरकडचा, आता एका सुट्या भागांच्या कारखान्यात मेंटेनन्सला, राहायला आकुर्डीत. घराच्या गच्चीवर हौसेने छोटं मशीन बनवत होता, त्यासाठी नट.

"देतो," तो म्हणाला. "पण बसवायला मी येणार."

"मला येतं बसवता."

"येत असेल की. म्हणूनच तर बघायचंय…"

दुसऱ्या दिवशी सांगितलेल्या वेळेच्या तासभर नंतर तो उगवला. चौकात कांद्याचे ट्रक आडवे होते म्हणे. तिसऱ्या दिवशीही कांदेच आडवे. मग विजयश्रीने स्वतःपुरता तोडगा काढला: दहाला हवा असला की नऊ सांगायचे. तरीही हा बाबा दहा वाजून गेल्यावरच यायचा, वर दारात उभा राहून विचारायचा, चहा झाला का. कपाळावर हात मारून घ्यायची वेळ यायची.

काम मात्र मनापासून करायचा. दोघांनी मिळून लांब स्क्रू उतरवला, त्यात घट्ट बसलेला भुसा आणि ग्रीसचा चिखल खरवडला. भांडणंही मनापासून झाली. तो प्रत्येक बोल्ट पुस्तकात लिहिल्याप्रमाणे ठरलेल्या क्रमाने आवळायचा, ती हाताला लागेल तसा. तिने हात पुढे केला की मागायच्या आधीच नेमका पाना तिच्या हातात यायचा, आणि बोटं उगाच क्षणभर जास्त रेंगाळायची… त्याची की आपली, हे तिला नक्की सांगता आलं नसतं. बाहेर परतीचा पाऊस पत्र्यावर टपटपायचा. शेडमध्ये सागाचा वास भरून राहायचा. एकदा त्याने तिच्या गालावरचं ग्रीस दाखवायला बोट उचललं आणि पुसायला गेला, तर आणखीच फासलं. ती चिडली. तो मात्र घरी जाईपर्यंत हसत होता.

शुक्रवारी दुपारी नवा नट बसला. डोकं लोण्यावरून गेल्यासारखं सरकलं. दोघांनी श्वास रोखून पहिलं घड्याळ कोरायला लावलं, आणि निघालेल्या खोबणीत पितळी तबकडी ठेवली.

तबकडीच्या दोन्ही बाजूंना फट. खोबण गोल नव्हतीच, आडवी लांबट होती.

निरंजनने पुन्हा सगळं खोललं, पुन्हा बसवलं. पुन्हा लांबट. तिसऱ्यांदाही तेच. विजयश्रीच्या डोळ्यांपुढे रविवारचं गिऱ्हाईक उभं राहिलं आणि तिचा तोल सुटला.

"तुमच्या कारखान्यातली चाकंपण अशीच निघतात का? माझं जुनं मशीन निदान गोल तरी काढायचं."

एरवी पुणेरी बोलणारा निरंजन रागावला की थेट लातूरला पोचायचा. "मी काय वाकडं बसवायलो का? माप घ्या की. केसभर हलंना झालंय ते." मग घड्याळाकडे बघून त्याने सॅक उचलली. दुसऱ्या शिफ्टची बस चुकली असती. पावसात तो वळूनही न बघता गेला. आपण नको ते बोललो, हे तिला तो कोपऱ्यावर दिसेनासा होण्याआधीच कळलं होतं.

हिंदुराव आत येऊन गेले. लांबट खोबण बघून त्यांनी नुसती तिच्या डोक्यावरची टोपी सरळ केली. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

शेवटी ती कॉम्प्युटरपुढे बसली आणि पडद्यावरचं वर्तुळ मोजलं. मोजलं आणि कानापर्यंत लाल झाली. वर्तुळ आडवं रुंद होतं. ते तिनेच केलं होतं. नट झिजायला लागला तेव्हा तिचे गोल ट्रे बाजूंनी चेपलेले निघायचे, म्हणून तिने चित्रच आडवं फुगवलं होतं, झिजलेल्या मशीनने ते चेपून गोल करावं म्हणून. पुढे त्याच ट्रेच्या चित्रावरून घड्याळ बेतलं. बिचारं मशीन आता तिने सांगितलं तेच तंतोतंत कोरत होतं.

तिने फोन लावला. तो चहाच्या सुट्टीत होता. तिने एका दमात सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, आणि माफ कर म्हणाली. अहो-जाहो कधी गळालं ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

पलीकडे यंत्रांच्या घरघरीत त्याने चहाचा कप खाली ठेवलेला ऐकू आला. मग तो म्हणाला, "मी पण एक सांगू? तू नऊ म्हणतेस तेव्हा दहा असतात, हे मला कधीच कळलं होतं. म्हणून मी दहाच धरून निघायचो."

"म्हणजे मी हाताशी एक तास वाढवून ठेवायचे…"

"आणि मी तो कापायचो."

ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. त्याने फोन ठेवू दिला नाही. तिने वर्तुळ नीट केलं, मशीन सुरू केलं, आणि तो पलीकडून आवाज ऐकत राहिला. तबकडी खोबणीत बसली तेव्हा हलकासा टक्‌ वाजला. तो त्यालाही ऐकू गेला.

शनिवारी नमुना पास झाला. रविवारी आलेल्या गिऱ्हाइकाला हिंदुरावांनी चहा पाजला आणि मशीन आता विकायचं नाही असं सांगून वाटेला लावलं. तेवढ्यात निरंजन आला, तिने सांगितलेल्या वेळेला, मिनिटभरही मागे-पुढे नाही. मशीनला हात लावून उगाच उभा राहिला.

"आता हे नीट चालतंय. म्हणजे मला यायला काही कारण…"

"निरंजन, आता वाढवून-कापून काही बोलू नकोस. जे आहे ते बोल."

त्याने हात पुसले. पुसून झाल्यावर परत पुसले. "तू आवडतेस मला. त्या दुकानात लोणचं म्हणालीस तेव्हापासून."

"मलाही तू आवडतोस," ती म्हणाली. "आणि वैतागही तेवढाच आणतोस."

बाहेरून हिंदुरावांचा खाकरा ऐकू आला. निरंजनने आवाज खाली आणला. "पुढच्या रविवारी आईला घेऊन येतो. किती वाजता येऊ?"

"अकरा."

"खरे अकरा?"

"खरे."

पुढच्या रविवारी तो साडेदहालाच आईला घेऊन दारात हजर झाला. विजयश्रीचे केस अजून ओले होते, आणि चहाला दूधही आलेलं नव्हतं.