अंगरख्याचा गळा

शनिवारी दुपारी कथबर्टचं डोकं अंगरख्यात शिरलं, ते बाहेर आलंच नाही.

छे, असं काही झालंच नाही. त्या दिवशी संग्रहालयात फक्त चहा आणि केक झाला. संग्रहालय तरी असंच सांगतं.

पण हे खरं आहे. उत्तर इंग्लंडात, रोमनांच्या जुन्या भिंतीपाशी, नोव्हेंबरच्या धुक्यात घडलेलं.

हिल्डा तिथली विणकर. रोमन शिपायाच्या अंगरख्याच्या, चिखलात सापडलेल्या एका चिंधीवरून ती तसाच अंगरखा विणत होती. हातानं कातलेली लोकर, उभा माग, ताण्याच्या उभ्या धाग्यांना लटकणारी मातीची वजनं. या बाहीपासून त्या बाहीपर्यंत सलग कापड, मधे डोक्यापुरती फट. कात्री लावायची नाही, हा नियम.

चिंधीत फटीच्या टोकाशी एक चूक होती. काही धागे भलतीकडे ओलांडून गेलेले. हिल्डानं चूकही तशीच उतरवली. अस्सल म्हणजे अस्सल.

दुसऱ्या सकाळी पाहते तर फट बोटभर बुजलेली...

तिनं उसवली. पुन्हा बुजली. वीण तिच्यापेक्षा सरस होती, हे तिला जास्त लागलं.

मग आवाज सुरू झाले. खिडक्या बंद, वारा नाही, आणि वजनं एकमेकांवर...

टक... टक...

"उंदीर असतील," तिचा भाऊ कथबर्ट म्हणाला. तो एरवी बस चालवायचा, सुट्टीला संग्रहालयात पाहुण्यांसाठी रोमन शिपाई व्हायचा.

"उंदीर विणतात होय रे?"

"तुझ्यापेक्षा भराभर विणत असतील, तर ठेव की कामाला!"

शनिवारी सकाळी फट पुरती उघडी होती. हिल्डानं स्वतः हात घालून पाहिलं. अंगरखा मागावरून उतरला. पाहुण्यांसमोर कथबर्टनं डोकं आत घातलं.

"हिल्डे, गळा कुठाय?"

"वर."

"वर नाहीये गं..."

मग शब्द थांबले. कापड तोंडापाशी आत-बाहेर होत राहिलं.

मग तेही थांबलं...

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कार्यक्रमच आहे.

हिल्डानं कात्री उचलली आणि वर्षभराचं काम उभं चिरलं.

कथबर्ट बाहेर आला. ओठ निळे. चहाचा कप हातात घेतला.

"आत आणखी एक डोकं होतं," तो म्हणाला. "तेही बाहेर पडायला बघत होतं. मला ढकलून."

सोमवारी रिकाम्या मागावर नवा ताणा चढलेला होता. बाही सुरू झालेली...

कथबर्टच्या मापाची.

हिल्डानं मागावर सूचना लावली. ती अजून तिथेच आहे:

"संबंधित मृत विणकरास विनंती की, कामाच्या वेळेनंतर मागास हात लावू नये. लावल्यास गळा उघडा ठेवावा. लेखी उत्तर अपेक्षित."